जनुकीय विकार : ‘हजारात एक’ म्हणजे शहापुरात किती?

विशेष प्रतिनिधी, भंडारा

डाऊन सिंड्रोम साधारण हजारात एका बाळाला, विल्यम्स सिंड्रोम दहा हजारांत एकाला, प्रेडर-विली सिंड्रोम पंधरा ते पंचवीस हजारांत एकाला. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत असे आकडे ओळीने दिलेले असतात. ज्या घरात असे मूल जन्माला येते, त्या घराला या आकड्यांचा काही उपयोग वाटत नाही आणि ज्या घरात ते जन्मलेले नाही, त्याला ते परके वाटतात. मात्र जिल्हा रुग्णालयात कोणती तपासणी हवी, कोणत्या औषधाचा साठा ठेवायचा, कायद्याच्या यादीत कोणाला जागा द्यायची, हे बव्हंशी याच आकड्यांवर ठरत असते. त्यामुळे ते कुठून येतात आणि आपल्या गावाला कितपत लागू पडतात, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. विदर्भात तर ते अधिकच अगत्याचे, कारण पुस्तकातली क्रमवारी येथे उलटीपालटी होते.

हिशेबासाठी भंडारा शहरालगतचे, नागपूर महामार्गावरील शहापूर घेऊ. धड खेडे नव्हे, धड शहर नव्हे, अशी ही वस्ती आहे. येथे वर्षाला शंभर बाळे जन्मतात, असे केवळ समजण्याच्या सोयीसाठी धरले तर डाऊन सिंड्रोम असलेले बाळ दहा-बारा वर्षांतून एकदा जन्मेल. फक्त मुलींत आढळणारा टर्नर सिंड्रोम दोन ते अडीच हजार मुलींत एकीला असतो. म्हणजे शहापुरात चाळीस-पन्नास वर्षांतून एक. विल्यम्स सिंड्रोमचे मूल शतकातून एकदा, तर प्रेडर-विलीचे दीडशे ते अडीचशे वर्षांतून एकदा. असा विकार गावातल्या डॉक्टरने कधी पाहिलेलाच नसतो, शिक्षकाने ऐकलेला नसतो, याचे कारण एवढ्यात स्पष्ट व्हावे.

हाच हिशेब जिल्ह्याच्या पातळीवर मांडला की चित्र पालटते. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. राज्याचा २०२० चा जन्मदर दर हजारी १५ धरल्यास जिल्ह्यात वर्षाला सुमारे १८ हजार बालके जन्मतात. त्यांत डाऊन सिंड्रोमची पंधरा-सोळा, टर्नरच्या तीन-चार मुली, स्नायू क्षीण करत नेणाऱ्या डुशेन विकाराची दोन-तीन मुले आणि विल्यम्स सिंड्रोमची एक-दोन बालके असणार. प्रत्येक विकार वेगळा पाहिला तर विरळा. सगळे मिळून मात्र एक शाळा भरेल एवढे.

सरासरी म्हणजे वेळापत्रक नव्हे, हे येथे नमूद करायला हवे. बारा वर्षांतून एक याचा अर्थ अकरा वर्षे निर्धास्त आणि बाराव्या वर्षी एक, असा होत नाही. एकाच गल्लीत दोन वर्षांत दोन बालके जन्मू शकतात आणि पुढे तीस वर्षे एकही नाही, असेही घडते. अशा योगायोगातूनच गावात कुजबुज सुरू होते. सुनेने ग्रहण पाळले नाही, तिने अमुक खाल्ले, तिच्या माहेरी असे काही होते, अशी कारणे काढली जातात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची दोनऐवजी तीन प्रतिरूपे असतात. बीजपेशी तयार होताना झालेल्या विभाजनातील ती चूक असते. ग्रहणाचा किंवा पपईचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

मोजले कोणी आणि कुठे?

भारतातील आकड्यांसाठी ज्याचा वारंवार आधार घेतला जातो, तो अभ्यास मुंबई, दिल्ली आणि बडोदा येथील ९४ हजार ६१० नवजात बालकांचा आहे. त्यात डाऊन सिंड्रोमचे प्रमाण दर ११५० जन्मांमागे एक, तर जन्मजात व्यंगांचे एकूण प्रमाण २.०३ टक्के आढळले. डॉ. आय. सी. वर्मा यांनी २००० मध्ये देशातील जनुकीय विकारांच्या ओझ्याचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात हे आकडे आहेत. दुसरीकडे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कागदपत्रांत शंभरातील सहा ते सात बालकांना जन्मजात दोष असतो, असा अंदाज दिलेला आहे. दोन टक्के कुठे आणि सहा-सात टक्के कुठे? दोन्हींपैकी एक खोटा आहे, असे मात्र नाही. पहिला आकडा प्रसूतिगृहात, जन्मानंतर लगेच दिसलेल्या व्यंगांचा आहे. फाटलेला ओठ तेथे दिसतो. हृदयाचे छिद्र, बहिरेपण किंवा रक्तातील दोष नंतर कळतो. त्यामुळे ‘किती’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या वयात मोजले’ हा प्रश्न विचारावा लागतो.

‘जन्माच्या वेळी’ हा शब्दही फसवा आहे. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्या गर्भपातांत गुणसूत्रांतील दोष आढळतो. टर्नर सिंड्रोमचे बहुतांश गर्भ जन्मापर्यंत पोहोचतच नाहीत. निसर्गाने आधीच मोठी चाळणी लावलेली असते. आपण मोजतो ते चाळणीतून खाली आलेले.

आईच्या वयाचा डाऊन सिंड्रोमशी असलेला संबंध आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. विशीत तो साधारण दीड हजार जन्मांत एकदा, पस्तिशीला साडेतीनशेत एकदा आणि चाळिशीला शंभरात एकदा आढळतो. यावरून ‘तरुण आईला धोका नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. आपल्याकडे बहुसंख्य बाळंतपणे विशीत होतात. धोका कमी असला तरी जन्मांची संख्या प्रचंड असल्याने डाऊन सिंड्रोमची बहुतेक बालके तरुण मातांच्याच पोटी येतात. केवळ पस्तिशीपुढच्या गर्भवतींकडे लक्ष ठेवणारी व्यवस्था त्यांपैकी बहुतेकांना गाठू शकत नाही.

जन्मणारे किती आणि जगणारे किती, हाही भेद आहे. डाऊन सिंड्रोमच्या निम्म्या बालकांना हृदयविकार असतो. अमेरिकेत १९८३ मध्ये अशा व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षे होते. हृदयशस्त्रक्रिया सुलभ झाल्यावर आता ते ६० च्या आसपास आहे. जन्माचे प्रमाण तेच राहूनही समाजातील संख्या त्यामुळे वाढते. चाळिशीतील डाऊन सिंड्रोमची व्यक्ती पाहण्याची सवय आपल्या गावांना अजून व्हायची आहे, आणि तिच्यामागे वृद्ध आईवडिलांनंतर कोण, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे.

काही विकार सर्रास असूनही मोजणीत येत नाहीत. क्लाइनफेल्टर सिंड्रोम हे त्याचे ठळक उदाहरण. पुरुषांत एक्स गुणसूत्र जास्तीचे असल्याने होणारा हा विकार साधारण सहाशे मुलांत एकाला असतो. जिल्ह्याच्या हिशेबाने वर्षाला पंधरा मुले, म्हणजे डाऊन सिंड्रोमच्याच तोडीची संख्या. पण डाऊन सिंड्रोम चेहऱ्यावरून ओळखला जातो आणि हा ओळखला जात नाही. डेन्मार्कसारख्या, प्रत्येक नागरिकाची वैद्यकीय नोंद ठेवणाऱ्या देशातही यांतील जेमतेम पाव पुरुषांचे निदान हयातीत होत असल्याचे तेथील अभ्यासातून दिसून आले. उरलेल्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. ज्यांना लागतो, त्यांना बहुधा मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत लागतो. आपल्याकडे अशा प्रकरणी आधी बायकोच्याच तपासण्या होतात, हे सांगायला नकोच.

विदर्भातील क्रमवारी

आतापर्यंत सांगितलेले विकार जगभर जवळजवळ सारख्या प्रमाणात आढळतात. सिकलसेलचे तसे नाही. हा विकार ज्या प्रदेशाचा, त्या प्रदेशाचाच असतो, आणि भंडारा जिल्हा त्या प्रदेशात येतो.

हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एका ठिकाणी बदल झाल्याने तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बदललेले जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आले तर व्यक्ती ‘वाहक’ असते. तिला सहसा कोणताही त्रास नसतो. दोघांकडूनही आले तर ती ‘रुग्ण’. सांध्यांत असह्य वेदना, वारंवार कावीळ, रक्तक्षय, छातीत जंतुसंसर्ग, ही त्याची लक्षणे. धानाच्या पट्ट्यात रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यात दिवसभर वाकून राहणे, भर उन्हात पाणी कमी पिणे, हिवाळ्यातील गारठा, यांतले काहीही वेदनेचा झटका आणायला पुरेसे होते. कामचुकार म्हणून हिणवल्या गेलेल्या किती मजुरांना प्रत्यक्षात हा विकार असेल, कोण जाणे.

अमेरिकेत डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भातील सिकलसेलची लेखी नोंद अशी सहा दशकांहून अधिक जुनी आहे. पुढे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत पायपीट करून हजारोंच्या रक्तचाचण्या केल्या. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. राज्यातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण पाच हजारांच्या वर असावेत, असा अंदाज या अभ्यासांतून बांधला गेला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ आणि नंदुरबार यांच्या जोडीला भंडाऱ्याचे नाव आहे. (जुने आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. १ मे १९९९ पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यात गोंदियाही होता.)

भिल्ल, पावरा, माडिया, परधान या आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. विदर्भातील अनुसूचित जातींतही ते मोठे आहे आणि इतर मागासवर्गीय समाजांतही हा दोष आढळतो. त्यामुळे ‘अमक्या जातीचा आजार’ हे लेबल वैद्यकीयदृष्ट्या निराधार ठरते. जनुकाला जात कळत नाही. त्याला मलेरिया मात्र ओळखता येतो. वाहक व्यक्तीला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले. जंगल आणि तळ्यांच्या झाडीपट्टीत मलेरियाने शेकडो वर्षे ठाण मांडले होते. ज्यांच्या रक्तात हा दोष एकेरी होता ते अधिक तगले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांत तो पसरला. कोणत्याही समाजाच्या माथी मारावा असा हा कलंक नाही, तो त्यांच्या पूर्वजांच्या वास्तव्याचा पुरावा आहे.

आता पुन्हा शहापूरचा हिशेब. एखाद्या समाजात वाहकांचे प्रमाण २० टक्के असेल तर पती आणि पत्नी दोघेही वाहक असण्याची शक्यता पाचात एक गुणिले पाचात एक, म्हणजे पंचविसांत एक. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. गुणाकार शंभरात एक. त्या समाजात वर्षाला शंभर बाळे जन्मत असतील तर दरवर्षी एक रुग्ण. वर डाऊन सिंड्रोमसाठी आलेला काळ दहा-बारा वर्षांचा होता. पुस्तकात पहिल्या क्रमांकावर असलेला विकार येथे किती मागे पडतो, ते या एका आकड्यावरून लक्षात यावे.

वाहकांचे प्रमाण निम्मे, म्हणजे १० टक्के, धरले तर रुग्णांचे प्रमाण निम्मे न होता चारशेत एक होते. येथेच सरासरीचा सापळा आहे. समजा, गावातील अर्ध्या लोकांत वाहक २० टक्के आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांत एकही नाही. गावाची सरासरी १० टक्के. त्या सरासरीवरून हिशेब करणारा अधिकारी चारशे जन्मांत एक रुग्ण मोजेल. प्रत्यक्षात लग्ने आपापल्या समाजातच होतात. त्यामुळे अर्ध्या जन्मांत शंभरात एक, म्हणजे गावभरात दोनशेत एक रुग्ण जन्मेल. कागदावरील अंदाजाच्या दुप्पट. औषधसाठा कागदावरून ठरला तर निम्म्या रुग्णांची गोळी कमी पडणार.

देशपातळीवरील आकड्यांतही हीच गोष्ट दिसते. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. तीन वर्षांत चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी, हे उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी होऊन दोन लाखांवर रुग्ण आणि सोळा लाखांवर वाहक सापडले. म्हणजे वाहक साधारण छत्तीसांत एक आणि रुग्ण तीनशेत एक. सगळ्यांची लग्ने सगळ्यांशी होत असती तर छत्तीसांत एक वाहक या प्रमाणावरून रुग्ण पाच हजारांत एक यायला हवे होते. ते त्याच्या सोळा-सतरापट निघाले. दोष काही समाजांत एकवटलेला आहे आणि लग्ने त्यांच्या आतच होतात, हे त्याचे एक कारण. आजारी माणूस तपासणीला आधी येतो, हे दुसरे. शिवाय ही तपासणी प्रामुख्याने आदिवासी जिल्ह्यांतील आहे. तीनशेत एक हे प्रमाण साऱ्या देशाला लावून मोकळे होणे योग्य नव्हे.

हे मोजमाप अजून एका बाजूने अपुरे राहते. नवजात बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते, ते पेशींना वाकू देत नाही. त्यामुळे पहिले पाच-सहा महिने बाळ ठणठणीत दिसते. त्यानंतर हातापायांवर सूज, ताप, जंतुसंसर्ग सुरू होतात. निदान होण्याआधीच दगावलेले मूल न्यूमोनियाने किंवा तापाने गेले, अशी नोंद होते. सिकलसेलच्या खात्यात ते कधीच येत नाही. प्रौढांची तपासणी करून काढलेला आकडा हा जगलेल्यांचा असतो.

स्वमग्नता : वाढ की ओळख?

गुणसूत्रांचे दोष प्रयोगशाळेत दाखवता येतात. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता यांचे निदान मुलाच्या वागण्यावरून आणि क्षमतेवरून होते. साहजिकच येथे आकडे अधिक हलते आहेत. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांतील स्वमग्नतेचे प्रमाण २००० मध्ये दीडशेत एक होते. २०२२ च्या पाहणीत ते ३१ मध्ये एक निघाले. जगात स्वमग्नतेची साथ आल्याचा समज त्यातून पसरला. वास्तविक निदानाच्या व्याख्या रुंदावल्या, पालक आणि शिक्षक सजग झाले, पूर्वी ‘मतिमंद’ किंवा ‘हट्टी’ ठरवली जाणारी मुले या गटात आली, हे वाढीचे मोठे कारण मानले जाते. त्याच २०२२ च्या पाहणीत टेक्सासमधील एका केंद्रावर १०३ मुलांत एक, तर कॅलिफोर्नियातील केंद्रावर १९ मुलांत एक, असा फरक आढळला. एकाच देशातील मुलांच्या मेंदूंत पाचपट फरक असण्यापेक्षा तज्ज्ञ आणि सुविधा यांत तो असण्याची शक्यता कितीतरी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज १२७ माणसांत एक असा आहे.

भारतातील भरवशाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचे उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३ हजार ९६४ मुलांची तपासणी घरोघरी जाऊन करण्यात आली. दृष्टिदोष, श्रवणदोष, अपस्मार, सेरेब्रल पाल्सीसारखे हालचालींचे दोष, वाचादोष, स्वमग्नता आणि बौद्धिक दिव्यांगता या सातांपैकी किमान एक दोष असलेल्या मुलांचे प्रमाण सहा वर्षांखालील गटात ठिकाणानुसार २.९ ते १८.७ टक्के, तर त्यावरील गटात, नऊ दोष धरून, ६.५ ते १८.५ टक्के आढळले. अशा मुलांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्याला एकाहून अधिक दोष होते. लक्षणीय बाब ही की ज्या गोष्टींशी या दोषांचा संबंध दिसला, त्यांत घरी झालेली प्रसूती, जन्मताना गुदमरणे, कमी वजन, मुदतपूर्व जन्म, मेंदूचा संसर्ग आणि खुंटलेली वाढ यांचा समावेश होता. म्हणजे या दोषांचा मोठा भाग जनुकांच्या नव्हे, सुईण, दवाखाना आणि ताटातील अन्न यांच्या हद्दीत येतो.

जन्मजात थायरॉइड न्यूनता हे दोन्हींच्या सीमेवरचे उदाहरण. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली, तेव्हा हा विकार ११३० बालकांत एकाला आढळला. जवळपास डाऊन सिंड्रोमइतकाच. डाऊन सिंड्रोमवर औषध नाही. यावर आहे, आणि तेही काही रुपयांची रोजची गोळी. ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर मूल इतरांसारखेच वाढते. उशीर झाला तर बुद्धीची हानी कायमची. निदानाला लागतो टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब. जिल्ह्यात वर्षाला अशी सोळा बालके जन्मतात असे धरले तर त्यांच्यापैकी कितींच्या टाचेला वेळेत सुई लागते, हा खरा प्रश्न आहे.

यादीत नाव

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती, सिकलसेलही नव्हता. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग नोंदले गेले. त्यातही स्वमग्नतेला वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना त्यात जागा मिळाली. सिकलसेलसाठी नागपूरहून प्रदीर्घ पाठपुरावा करणारे संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. तरीही प्रमाणपत्राचा पेच संपलेला नाही. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. सिकलसेलचा रुग्ण तपासणीच्या दिवशी चालत येतो आणि चार दिवसांनी वेदनेने अंथरुणाला खिळतो. त्याची टक्केवारी कोणत्या दिवशी मोजायची?

दुर्मिळ विकारांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार निवडक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. ‘दुर्मिळ’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या मात्र देशोदेशी निराळी. युरोपात दोन हजारांत एकापेक्षा कमी, अमेरिकेत देशभरात दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण.

तपासणी कुठे?

शून्य ते अठरा वर्षे वयोगटातील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांना भेट देतात. संशयित बालकाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. डाऊन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष हे या यादीत आहेत.

सिकलसेलची प्राथमिक विद्राव्यता चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. ती वाहक आणि रुग्ण यांतील फरक सांगू शकत नाही. होकारार्थी आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करून घ्यावी लागते. सहा महिन्यांखालील बाळाला ती लागू पडत नाही. हिमोग्लोबिनच्या विकारांवरील संशोधन आणि उपचारांसाठी चंद्रपूर येथे केंद्र असून, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. निदान झालेल्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली दिले जाते, त्याने वेदनेचे झटके कमी होतात.

लग्नाआधी ही चाचणी करावी, असे आरोग्य खाते सांगते. कार्ड दाखवले की मुलीचे स्थळ मोडते, या भीतीने ते ट्रंकेच्या तळाशी जाते. वस्तुतः वाहक मुलीचे लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झाले तर एकही अपत्य रुग्ण होऊ शकत नाही. प्रश्न उद्भवतो तो दोघेही वाहक असतील तरच, आणि त्या वेळीही दोष दोघांचा सारखाच असतो. अशा जोडप्याला गर्भाची तपासणी करून घेण्याची मुभा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानेच दिलेली आहे. हिमोग्लोबिनचे विकार त्यातील परवानगीच्या यादीत स्पष्टपणे नमूद आहेत. त्यासाठी गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांकडे पोहोचायला हवे, आणि तोवर पतीच्याही रक्ताची चाचणी झालेली असायला हवी.